तिकिटावरचा तळवा

बोट कंपनीची वेबसाइट बटण दाबल्यावर नऊ सेकंद मख्खासारखी गप्प बसायची. नऊ सेकंद ती काय, असं ज्याला वाटत असेल त्याने घरात कुणाला तरी साधा प्रश्न विचारून पाहावा, आणि समोरच्याने नऊ सेकंद नुसतं तोंडाकडे बघत राहावं. चौथ्या सेकंदाला माणूस पुन्हा विचारतो, सहाव्याला आवाज चढवतो आणि आठव्याला त्याचा अख्ख्या घरादारावरचा विश्वास उडतो. बोटीचे प्रवासीही तेच करायचे. एकदा बटण दाबलं, काही हललं नाही, म्हणून पुन्हा दाबलं, मग रागारागाने चार वेळा दाबलं. मग एकट्या जिवाची सहा तिकिटं घेऊन तो प्रवासी तावातावाने धक्क्यावरच्या खिडकीशी यायचा.

खिडकीत काकू असायच्या. सव्वीस वर्षं त्याच खुर्चीवर, पुढे अर्धवट धूसर झालेली काच, काचेला खाली हात जाईल एवढं भोक, आणि डाव्या बाजूला एक चिंचोळी फट. त्या फटीतून बोटीवर चढायची फळी दिसायची आणि फळीशी उभे असलेले मुकादम दिसायचे. मुकादमांच्या हातात माणसं मोजायचं एक छोटं यंत्र होतं. प्रवासी चढला की ते टक् करून वाजायचं, आणि एकशेवीस टक् झाले की बोट भरली.

वेबसाइट आली तेव्हा सगळे काकूंना म्हणाले होते, आता तुम्हाला आराम. आराम राहिला बाजूला, तिची सहा-सहा तिकिटं निस्तरता निस्तरता काकूंची रांग दुप्पट झाली. त्यामुळे काकूंना वेबसाइट डोळ्यासमोर नको असणार, असं धक्क्यावर सगळे धरूनच चालले होते. खरी गोष्ट उलटी होती. ती वेबसाइट सुधारावी म्हणून काकूंइतकं कुणीच देव पाण्यात घालून बसलं नव्हतं.

कारण होतं लेक. ती पलीकडच्या किनाऱ्यावर राहायची, बोटीने पन्नास मिनिटं आणि पुढे शहरातून अर्धा तास. तिला आता आठवा महिना चालू होता. दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात तिचं बाळ गेलं, तेव्हा काकू खिडकीत होत्या. बदली माणूस शोधून त्या पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता आणि लेक भिंतीकडे तोंड करून निजली होती. तिने आईला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं काकूंना अजून वाटायचं. या खेपेला मात्र तिने फोनवर सरळ सांगितलं होतं, "आई, मला तू पाहिजेस. आधी पाहिजेस. नंतर येऊन डोक्यावरून हात फिरवू नकोस."

काकूंनी दोन महिन्यांची रजा मागितली. कचेरीतल्या साहेबांनी कळवलं की खिडकीला दुसरं माणूस नाही. वेबसाइट खिडकीविना नीट चालते असं दिसलं तर खिडकी बंद ठेवता येईल, आणि मग रजाही देता येईल. बाळंतपणाच्या तारखेला पाच आठवडे उरले होते.

त्याच आठवड्यात कंपनीने वेबसाइट सुधारायला माणूस पाठवला. तिशी उलटलेला, चष्मा कपाळावर ढकललेला, पाठीला पिशवी. काकूंच्या तिकीट-केबिनच्या दारात उभा राहून त्याने आधी फोनवरचं बटण दाबलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि नमस्कारही न करता म्हणाला, "नऊ पूर्णांक दोन." मुकादमांनी त्याला जागच्या जागी सेकंदराव करून टाकलं, आणि मग कंपनीच्या चिठ्ठीवर काय नाव लिहिलंय ते बघायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

सेकंदरावाने स्टूल ओढलं, मांडीवर लॅपटॉप उघडला आणि थोड्याच वेळात त्याला हसू यायला लागलं.

"काकू, हा फोटो बघितलात?"

पहिल्याच पानावर कंपनीचे अध्यक्ष बोटीच्या नाकाशी उभे राहून फीत कापत होते.

"बघितलाय. रोज बघते. त्याचं काय?"

"हा मोठा करून छापला तर तुमची ही भिंत झाकून उरेल, एवढा जड आहे. प्रत्येक प्रवाशाच्या फोनमध्ये आधी हा अख्खा उतरतो, मग तिकिटाचं पान उघडतं."

"म्हणजे प्रवासी ताटकळत उभे, आणि अध्यक्षसाहेब आधी उतरणार."

"अगदी तसंच."

"बोटीवर तरी वेगळं काय आहे?" मुकादम दारातून म्हणाले.

त्या दिवसापासून सेकंदरावाने साफसफाई काढली. अध्यक्षांना त्याने नखाएवढं केलं. नक्षीदार अक्षरं होती, ती दूरच्या कुठल्या तरी यंत्रावरून मागवावी लागत, ती काढून साधी ठेवली. वाऱ्याचे तक्ते, लाटांचे तक्ते, "मी आपली काही मदत करू का?" असं विचारत कोपऱ्यातून डोकावणारं एक चित्र, हे सगळं ज्याला बघायचं त्याने मागितल्यावर येईल अशी सोय केली. घरात पाहुणा आला की आधी पाणी द्यायचं, लग्नाचा अल्बम नंतर, एवढंच ते तत्त्व होतं. काकूंना ते चटकन पटलं.

चौथ्या दिवशी त्याने फोन पुढे केला. "बघा. तीन सेकंद."

काकूंनी त्याचा फोन हातात घेऊन उलटासुलटा केला. नवाकोरा, पातळ, आरशासारखा.

"हा तुझा फोन लाडावलेला आहे," त्या म्हणाल्या. आणि खणातून स्वतःचा काढून दिला. त्याच्या काचेला आडवा तडा होता आणि गरम झाला की तो आपला आपण बंद पडायचा. "हा घे. आणि धक्क्याच्या पार टोकाला जाऊन बघ, जिथे मुकादमांना बायकोचा फोन कधी लागत नाही."

"तो मी लागू देत नाही," मुकादम म्हणाले.

सेकंदराव टोकाला गेला आणि पडेल चेहऱ्याने परत आला. सात सेकंद. मग मात्र तो जिद्दीला पेटला. काकूंचा तडा गेलेला फोन घेऊन तो दिवस दिवस टोकाच्या खांबाला टेकून उभा राहायचा, काहीतरी कापायचा, पुन्हा मोजायचा. खारा वारा खाऊन त्याचं नाक सोललं. पण आठवडा संपायच्या आत त्याच फोनवर, त्याच खांबाशी, तीन सेकंदांत काम व्हायला लागलं. मुकादमांनी त्याला चहा पाजला.

आणि तरीही माणसं दोन-दोनदा दाबतच होती. सहा तिकिटांची तीन झाली, एवढाच काय तो फरक. सेकंदराव रडकुंडीला आला. याहून कमी काही होण्यासारखं नव्हतं, कारण कुठल्या फेरीला किती जागा उरल्या याचा हिशेब ठेवणारं यंत्र कंपनीच्या कचेरीत होतं. दोन्ही काठांच्या खिडक्या आणि मुकादमांचे आकडे तिथे जमा व्हायचे, आणि ते यंत्र काही केल्या तीन सेकंदांच्या आत तोंड उघडत नव्हतं.

मग त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. लॅपटॉप मिटला आणि दिवसभर काकूंच्या शेजारी नुसता बसून राहिला. संध्याकाळी वही उघडून म्हणाला, "काकू, तुम्हाला एका माणसामागे किती वेळ लागतो माहितेय? एक मिनिट चाळीस सेकंद."

"माझं वय बघ की जरा."

"तसं नाही हो. एक मिनिट चाळीस सेकंद, आणि कुणी काचेवर टकटक करत नाही. कुणी दोनदा तिकीट मागत नाही. माझे तीन सेकंद लोकांना जड होतात आणि तुमचे शंभर चालतात. असं का?"

काकूंनी असा विचार कधी केला नव्हता. पण त्याने त्यांचंच काम त्यांना सांगितलं तेव्हा ऐकायला मजा वाटली. भोकातून हात आत आला रे आला की काकू मान वर न करता "हं, बोला" म्हणायच्या. माणसाने सांगितलं की तेच मोठ्याने परत म्हणायच्या, "दोन मोठे, एक लहान, साडेबाराची." मग लिहायच्या, तिकीट फाडायच्या आणि काचेजवळ टेबलावर ठेवायच्या. मग फटीतून मुकादमांकडे बघायच्या, आणि मग तिकीट माणसाच्या हातात जायचं.

"तिकीट!" सेकंदराव उठूनच उभा राहिला. "तिकीट डोळ्यांना दिसलं की माणूस गार होतो. मग पुढे तुम्ही कितीही वेळ घ्या!"

दोन दिवसांत त्याने ते करून दाखवलं. आता बटणाला बोट लागायचा अवकाश, की फोनवर तिकीट हजर. बोटीचं चित्र, फेरीची वेळ, माणसांचा आकडा, सगळं ठसठशीत. कचेरीतलं यंत्र मागच्या मागे सावकाश जागा शोधत राहायचं. ते प्रवाशाला कळायचंही नाही. सोमवार ते शुक्रवार एकही दुहेरी तिकीट निघालं नाही. काकूंचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी फोन करून सांगितलं की शनिवारी खिडकी बंद ठेवून बघा, दिवस नीट गेला तर रजा पक्की. शुक्रवारी घरी जाऊन काकूंनी माळ्यावरची बॅग खाली काढली आणि पुसून उन्हात ठेवली.

शनिवारी साडेबाराच्या फेरीला मुकादमांचं यंत्र एकशेविसाव्यांदा टक् म्हणालं आणि त्यांनी फळीपुढे हात आडवा घातला. हाताच्या अलीकडे अजून सतरा माणसं उभी होती. सतराही जणांनी फोन पुढे केले. सतराही फोनांवर ठसठशीत तिकीट होतं.

पुढे जे झालं त्याला गोंधळ म्हणणं सौम्य होईल. पलीकडे मैफलीआधी पियानो सुरात लावून द्यायला निघालेले एक गृहस्थ तर मुकादमांच्या टोपीला हात घालायच्या बेतात होते. काकूंनी खिडकीचं शटर वर ओढलं, "हं, बोला" म्हणून एकेकाला जवळ बोलावलं आणि सगळ्यांना अडीचच्या फेरीत बसवून दिलं. पियानोवाल्यांना तेवढं मुकादमांनी आपल्या एका खलाशाला खाली उतरवून साडेबाराच्याच बोटीत घेतलं. घसा बसला, पण तासाभरात धक्का शांत झाला.

घडलं होतं ते साधंच. आठवडाभर बोटी अर्ध्या रिकाम्या होत्या, त्यामुळे मागितली ती जागा मिळत होती. शनिवारी बोट भरली. कचेरीतल्या यंत्राने "जागा नाही" म्हणून कळवलंही, पण तोवर तिकीट बघून लोकांनी फोन खिशात घातले होते. आलेला निरोप खिशातल्या खिशात राहिला.

चार वाजता साहेबांचा फोन आला. खिडकी चालूच ठेवा, रजेचं नंतर बघू. हे "नंतर" लेकीला कसं सांगायचं ते काकूंना सुचेना, आणि त्यांनी तिला त्या दिवशी फोनच केला नाही.

सेकंदराव केबिनच्या मागे रिकाम्या पिंपावर डोकं धरून बसला होता. काकूंना त्याचा भयंकर राग आला होता. टेबलावर शेवटचं तिकीट ठेवून त्या फटीकडे वळल्या, आणि वळता वळता त्यांची नजर स्वतःच्याच हातावर गेली. मग त्यांनी त्याला हाक मारली.

"ए, इकडे ये. आत नको. बाहेर उभा राहा, रांगेतल्यासारखा. माग तिकीट."

तो निमूट काचेसमोर गेला. "एक द्या."

"एक मोठा, साडेपाचची." काकूंनी लिहिलं, फाडलं, टेबलावर ठेवलं. "घे."

त्याने भोकातून हात घालून तिकीट धरलं आणि ओढलं. ते येईना. काकूंचा डावा तळवा तिकिटावर पालथा पडला होता.

"हात काढा ना, काकू."

"मुकादमांकडे बघ. त्यांनी पंजा दाखवला तर माझा हात उठणार. मूठ दाखवली तर तिकीट परत माझ्या खणात. तू तिकीट बघितलंस रे. माझा हात नाही बघितलास."

सेकंदराव तसाच तिकिटाचं टोक धरून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले. काकूंनी त्याला हे सांगितलं नाही की सव्वीस वर्षांत तो हात त्यांनीही बघितला नव्हता. तो आपला आपण तिथे जाऊन बसायचा. तिकीट दिसायचं पण मिळालेलं नसायचं, आणि माणसाला ते नुसतं बघूनच समजायचं. म्हणून तो खिडकीशी थांबायचा.

"माझं चुकलं," तो म्हणाला.

"चुकलं ते चुकलं. आता रडत बसू नकोस. माझी लेक अडून राहिलीय."

फटीतून मुकादमांनी पंजा दाखवला. काकूंनी हात उचलला आणि तिकीट त्याला देऊन टाकलं.

पुढचे चार दिवस केबिनमध्ये दोघांची जी काही वादावादी चालली, ती ऐकायला मुकादम मुद्दाम चहा घेऊन यायचे. तिकीट बटण दाबताक्षणी दिसायलाच हवं, यावर दोघांचं एकमत होतं. पण आता ते आधी फिकट दिसायचं, पेन्सिलीने लिहिल्यासारखं, आणि जागा मिळाली की काळंभोर व्हायचं. खिशात घालण्यासारखं ते तेव्हाच व्हायचं. फिकट आहे तोवर खाली काय लिहायचं, यावर घोडं अडलं. सेकंदरावाने लिहिलं होतं, "कृपया प्रतीक्षा करा."

"असं कोण बोलतं?" काकू म्हणाल्या.

"सगळीकडे असंच असतं, काकू."

"म्हणून सगळीकडे लोक दोनदा दाबतात. तू माझ्या खिडकीशी आलास आणि मी म्हटलं, कृपया प्रतीक्षा करा, तर तुला काय वाटेल? ही बाई आत जाऊन झोपली."

"मग काय लिहू?"

"जे चाललंय ते लिही. लिहून घेतलं. जागा बघते. थांबा जरासे."

"आणि जागा नसली की? 'क्षमस्व, आपली विनंती अयशस्वी झाली' असं आहे सध्या."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अरे, तो बोटीला निघालाय, परीक्षेला बसलेला नाही! सांग, साडेबाराला जागा नाही, अडीचला आहे, देऊ का?"

शेवटी काकूंचे शब्द राहिले. फक्त "बघते"चं "बघतोय" झालं, कारण वेबसाइट बाई आहे की बुवा यावर एकमत होईना. जागा नसेल तर फोन थरथरेल आणि खिशातला निरोप खिशात राहणार नाही, एवढी सोय सेकंदरावाने स्वतःच्या बुद्धीने केली. ती काकूंना फार आवडली.

एक भानगड मात्र झाली. यंत्राकडून खात्री करून घ्यायची आणि मगच तिकीट पक्कं करायचं, यात एक सेकंद वाढला. साहेब स्वतः घड्याळ लावून बसले आणि फोनवर कडाडले, "चार? मागच्या वेळी तीन होते. ही सुधारणा आहे की बिघाड?" सेकंदरावाने आयुष्यात पहिल्यांदाच जास्त आकड्याची बाजू घेतली. "साहेब, घड्याळ बाजूला ठेवा," तो म्हणाला, "आणि किती माणसं दोनदा दाबतात ते मोजा. गुरुवारी शाळांना सुट्टी लागतेय. गर्दी होईल. खिडकी बंद ठेवून बघू."

गुरुवारी धक्क्यावर पोराबाळांची, पेट्याबोचक्यांची झुंबड उडाली. काकू बंद शटरमागे खुर्चीवर बसून होत्या, हात मांडीवर. बाहेरून फळीवरच्या पावलांचे आवाज येत होते, टक् टक् टक् चाललं होतं. साडेबाराच्या फेरीला तेवीस जणांना जागा मिळाली नाही. त्यातल्या एकवीस जणांनी तिथल्या तिथे अडीचची घेतली आणि दोघं घरी गेले. शटरवर दिवसभरात एकदाही थाप पडली नाही. खोटं कशाला बोला, ते काकूंना थोडं लागलं. सव्वीस वर्षं जी माणसं "काकू, काकू" करत आली, त्यांनी एक दिवस हाक मारली नाही. पण संध्याकाळी रजेचा कागद हातात आला, सोमवारपासून दोन महिने, आणि काकूंनी भर केबिनमध्ये सेकंदरावाच्या सोललेल्या नाकाकडे बघत डोळे पुसले. त्याला काय करावं ते कळेना, म्हणून त्याने त्यांच्या फोनची तडा गेलेली काच बदलून आणली.

पोरांना मात्र रजेच्या कागदाची फिकीर नसते. शनिवारी अकरा चाळीसला जावयाचा फोन आला. तारखेला अजून नऊ दिवस होते.

"आई, तिला कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात आणलंय. तुम्ही..."

साडेअकराची बोट दहा मिनिटांपूर्वी सुटली होती. तिची शेपटी अजून केबिनमधून दिसत होती. साहेबांना फोन करून त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. साहेबही काही माणूसघाणे नव्हते, ते जा म्हणाले. मग काकूंनी स्वतःच्या फोनवर बटण दाबलं. फिकट तिकीट आलं. "लिहून घेतलं. जागा बघतोय. थांबा जरासे." हे आपलेच शब्द आहेत हे ठाऊक असून काकू मुकाट थांबल्या, आणि तिकीट काळंभोर झालं.

जावयाला काय कळवायचं? काकूंची बोटं सवयीने "आलेच" लिहून बसली. सगळ्या आया असंच सांगतात. आलेच, निघालेच, पोचतेच. काकूंनी त्या शब्दाकडे बघितलं. लेक एकेक कळ मोजत दाराकडे डोळे लावून बसेल, आणि आई अजून अलीकडच्या काठावर. त्यांनी तो शब्द पुसला आणि लिहिलं, "साडेबाराचं तिकीट मिळालं. धक्क्यावर उभी आहे. तिला वाचून दाखवा."

बोट वेळेवर सुटली असती तर ती बोट कसली. "बोट अजून इथेच. मुकादम दोर सोडतायत. वीस मिनिटं उशीर." मग, "सुटली." मग, "वारा तोंडावर आहे. हळू चाललीय. उजवीकडे दीपस्तंभ दिसतोय." काकूंनी जन्मात एवढं टंकलं नव्हतं. शेजारची बाई बिस्किटं खात कौतुकाने बघत होती. मधूनच जावयाचं एका अक्षराचं उत्तर यायचं, "हो", आणि काकूंना तेवढं पुरायचं. "उतरले. टॅक्सीला रांग आहे, माझ्यापुढे सहा जण." "बसले." "पुलावर अडकलोय. ड्रायव्हर शिव्या देतोय, मी पण." "दवाखान्याचं फाटक." "जिन्यात आहे, दुसरा मजला. धाप लागलीय."

शेवटचा निरोप जाऊन पोचायच्या आत त्या खोलीत पोचल्या. लेक घामाने भिजून पलंगाची कड धरून बसली होती. आईला बघून तिने नुसता हात पुढे केला. काकूंनी तो धरला आणि मग संध्याकाळपर्यंत सोडला नाही. नर्स दोनदा म्हणाली, जरा बाजूला व्हा. त्या जरा बाजूला झाल्या, हात तसाच ठेवून.

पाच चाळीसला नात झाली. धडधाकट, लालबुंद आणि भलत्याच मोठ्या आवाजाची. जावई बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडून आला. खिडकीबाहेर दिवे लागायला लागले, बाळ झोपलं, आणि लेकीने उशीवर मान टाकून आईकडे बघितलं.

"किती पटकन आलीस गं," ती म्हणाली.

"पटकन कसली! बोट उशिरा सुटली, वारा उलटा, पुलावर पाऊण तास. नेहमीच्या दुपटीहून जास्त वेळ लागला मला. फोन आल्यापासून साडेतीन तास."

लेकीने डोळे मोठे केले. तिला ते खरंच वाटेना. तिने नवऱ्याकडे बघितलं, त्याने मान हलवली, तरीही तिला पटेना.

"काहीतरीच काय, आई. सगळा वेळ तू इथेच तर होतीस."